पाईक, बारगीर आणि शिलेदार

दलितांच्या लष्करी परंपरेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या लेखनाचा मोठा भाग कोरेगावच्या स्तंभापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. आपले पूर्वज शूर होते, हे सिद्ध करण्यात आपली लेखणी खर्ची पडते. ज्यांनी आपल्याला ‘लढाऊ जात नव्हे’ असे म्हणून सैन्यातून काढले, त्यांना उत्तर देण्यासाठी हे आवश्यकच होते. पण शौर्याचा दाखला मिळाल्यावरही काही प्रश्न उरतात. हा शूर माणूस रणांगणावर कसा नेला गेला? चालत, की कशावर तरी बसून? ज्यावर बसला ते वाहन कोणाचे होते? त्यावरून उतरायचे कधी, हे कोणी ठरवले? आणि उतरल्यावर त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले?

पायदळाने रणगाड्याबरोबर, चिलखती गाडीबरोबर कसे जावे, हा वरवर पाहता लष्करी शाळेचा विषय आहे. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला तो समाजशास्त्राचाही विषय वाटतो. ज्याच्या अंगावर लोखंड आहे तो आणि ज्याच्या अंगावर फक्त सदरा आहे तो, अशा दोघांनी एकत्र लढायचे असेल, तर त्यांच्यातले नाते काय असावे, हा प्रश्न गेली शंभर वर्षे जगातील सैन्यांना छळतो आहे. आपल्या समाजव्यवस्थेला तो त्याहून कितीतरी जुना आहे.

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर आजही पहाटे पोरे धावताना दिसतात. कोणाच्या पायात बूट असतात, कोणाच्या नसतात. ओल्या वाळूवर धावले की दम वाढतो, भरतीच्या मैदानावर ते उपयोगी पडते, असे ती सांगतात. त्यांत आमच्या बौद्धवाडीतली पोरे असतात, कुणब्यांची असतात, कोळ्यांची असतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी आहे.

१

प्रथम मराठी मुलखातील जुनी भाषा पाहू. शिवकालीन सैन्यात चालणारा तो पाईक. घोड्यावर बसणाऱ्यांत दोन प्रकार. ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारचे किंवा सरदाराचे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन येई तो शिलेदार. तिघेही एकाच लढाईत मरत. परंतु मेल्यावर आणि जगल्यावर तिघांचे हिशेब वेगवेगळे होत. घोडा कोणाचा, यावर माणसाची किंमत ठरत होती.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात हेच दिसते. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती, सुमारे ५०० पायदळ. तिच्याबरोबर पूना ऑक्झिलरी हॉर्सचे सुमारे ३०० स्वार आणि दोन तोफा होत्या. आपण आठवण काढतो ती पायदळाची, कारण त्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. स्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाची आहेत. पण त्याच दिवशी, त्याच गावात, त्यांच्याबरोबर घोडदळही होते हे आपण विसरतो. लढाई गावाच्या भिंतींआड आणि गल्ल्यांत झाली. अशा जागी घोड्याची धाव संपते आणि भार चालणाऱ्यावर पडतो.

पुढे काय झाले ते पाहा. त्या घोडदळाची परंपरा पूना हॉर्स या नावाने अखंड चालू राहिली. त्याने घोडे सोडून रणगाडे घेतले, आणि कोरेगावचा युद्धसन्मान आजही ती रेजिमेंट मिरवते. पायदळाची ती पलटणही नाव बदलत ग्रेनेडियर्सच्या परंपरेत टिकली. पण ज्या महारांची नावे स्तंभावर आहेत, त्यांच्या नातवंडांना या दोहोंतही जागा उरली नाही. पलटण टिकली, घोडदळ टिकले, आणि पाईक मात्र गळून पडला.

२

हा पाईक गळून पडला त्याची कथा आमच्या तालुक्यात घडली. दापोलीला लोक आजही कॅम्प म्हणतात. इंग्रजांची छावणी येथे होती, आणि छावणी आटोपल्यावरही दापोली पेन्शनर सैनिकांचे गाव राहिले. रत्नागिरी जिल्ह्यातील महार मुंबईच्या सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या होते. पलटणीत लिहिणे-वाचणे सक्तीचे असल्याने त्यांच्या घरांत अक्षर आले. निवृत्तीनंतर दरमहा हाती रोख पैसे येत. हे पैसे गावकीकडून येत नव्हते, बलुत्यातून येत नव्हते. येसकराच्या काठीशी त्यांचा संबंध नव्हता.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. १८८८मध्ये त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झाले. त्यांनी दापोलीत अनार्य दोषपरिहारक मंडळी चालवली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले. आपल्या चळवळीची पहिली पिढी ही पेन्शनरांची पिढी होती. गावाला न विचारता ज्यांची चूल पेटत होती, तेच गावाविरुद्ध लिहू शकले.

१८९२च्या सुमारास हे दार बंद झाले. लढाऊ जातींचा सिद्धान्त पुढे करून सैन्याची फेररचना झाली आणि महारांची भरती थांबवण्यात आली. वलंगकरांनी १८९४च्या सुमारास सरकारकडे विनंतीपत्र तयार केले. १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्याहून पुन्हा अर्ज केला. दार उघडले ते अर्जामुळे नव्हे, गरजेमुळे. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१मध्ये पलटणही मोडली. सारा हिशेब चार वर्षांचा.

जोग नदीवर पूल नव्हता तेव्हा हर्णैच्या बाजूने आंजर्ल्यात यायचे तर होडीने खाडी ओलांडावी लागे. आमच्या वाडीतली जुनी माणसे सांगत की आपण सर्वांत शेवटी चढायचे, टोकाला अंग चोरून बसायचे आणि होडी काठाला लागण्याआधीच गुडघाभर पाण्यात उतरायचे. होडी सर्वांना नेत होती हे खरेच. परंतु कोण कधी चढतो, कोठे बसतो आणि कोठे उतरतो, यातच सारी समाजव्यवस्था होती. सैन्याने १९१७मध्ये आपल्याला होडीत घेतले आणि १९२१मध्ये पाण्यात उतरवले.

३

ज्या १९१७मध्ये ती पलटण उभी राहिली, त्याच वर्षी २० नोव्हेंबरला फ्रान्समधील कांब्रे येथे इंग्रजांनी ४००हून अधिक रणगाडे एकदम पुढे घातले. रणगाड्याने काटेरी तारा तुडवायच्या आणि पायदळाने त्याच्या मागून रांगेने शिरायचे, अशी योजना होती. बहुतेक ठिकाणी ती साधली. फ्लेस्किएर या गावापाशी मात्र पायदळ रणगाड्यांपासून बरेच अंतर राखून चालले होते. तारांपाशी दोघांची फारकत झाली. रणगाडे एकटे पुढे गेले आणि जर्मन तोफांनी ते एकामागून एक फोडले. त्या दिवशी ते गाव पडले नाही.

यातून सैन्ये पहिला धडा शिकली. रणगाड्याला लोखंड असते, पण डोळे नसतात. आत बसलेल्याला अरुंद फटीतून दिसते. खंदकात लपलेला, झाडीत बसलेला, घराच्या खिडकीतला माणूस त्याला दिसत नाही. तो दिसतो पायदळाला. पायदळाला डोळे असतात, पण लोखंड नसते. म्हणून दोघांनी एकमेकांचे उणे भरून काढायचे. परोपकाराचा येथे प्रश्नच नाही. पायदळ मागे राहिले तर रणगाडा मरतो, रणगाडा मागे राहिला तर पायदळ मरते.

मग प्रश्न वेगाचा आला. रणगाडा धावतो, माणूस चालतो. दुसऱ्या महायुद्धात याला तीन उत्तरे दिली गेली, आणि ही तीन उत्तरे मला पाईक, बारगीर आणि शिलेदार यांची आठवण करून देतात.

पहिले उत्तर रशियाच्या लाल सैन्याचे. त्यांच्याकडे पायदळासाठी चिलखती गाड्या जवळजवळ नव्हत्याच. म्हणून शिपायांना रणगाड्याच्या पाठीवरच बसवले. धरायला लोखंडी दांडे जोडले. रणगाड्याच्या वेगाने पायदळ शत्रूवर जाऊन आदळू लागले. परंतु रणगाड्यावर आपटणारी प्रत्येक मशीनगनची गोळी आणि जवळ फुटणारा प्रत्येक तोफगोळा आधी या माणसांना लागे. या तुकड्यांची हानी भयंकर होती. पाईक वाहनावर चढला होता, पण वाहनाच्या बाहेरच राहिला. चिलखताचे चिलखत तोच झाला.

दुसरे उत्तर कॅनडियन सेनापती गाय सिमंड्स यांचे. ऑगस्ट १९४४मध्ये फ्रान्समधील काँ शहराच्या दक्षिणेस हल्ला करताना त्यांनी ‘प्रीस्ट’ नावाच्या स्वयंचलित तोफगाड्यांतील तोफा काढून टाकल्या आणि त्या रिकाम्या चिलखती पेटाऱ्यांत पायदळ बसवले. ७ ऑगस्टच्या रात्री ही माणसे रणगाड्यांबरोबर शत्रूच्या ओळी ओलांडून आत शिरली. पायी गेलेल्यांच्या मानाने त्यांची हानी कमी झाली. पुढे या गाड्यांना कांगारू म्हणू लागले. पण गाडी आणि तिचा चालक एका तुकडीचे, आत बसणारे दुसऱ्या तुकडीचे. आज यांना नेले, उद्या त्यांना. म्हणजे हे बारगीर झाले. संरक्षण मिळाले, परंतु घोडा दुसऱ्याचा.

तिसरे उत्तर जर्मनांनी काही प्रमाणात दिले आणि युद्धानंतर इतरांनी ते पुरे केले. गाडी पायदळाचीच असावी, तिचा चालक, तिच्यावरची तोफ चालवणारा आणि तिच्यातून उतरणारे एकाच तुकडीचे असावेत. उतरलेल्यांना मागून गोळीबाराचा आधार द्यायचा तो त्यांच्याच गाडीने द्यावा. १९६०च्या दशकात रशियाने काढलेली बीएमपी ही या विचाराची गाडी. हा शिलेदार.

४

या शंभर वर्षांत पायदळाने कसे बसावे आणि कसे उतरावे याचे काही नियम तयार झाले. प्रत्येक नियमामागे मेलेली माणसे आहेत, म्हणून ते थोडक्यात सांगतो.

रणगाड्याच्या पाठीवर बसायची वेळ आली तर फिरत्या बुरुजाला टेकू नये. तो अचानक वळला तर माणूस पट्ट्याखाली जातो. तोफेच्या तोंडापुढे कधी असू नये. जागा मागच्या बाजूला, हात दांड्यावर, पाय पट्ट्यांपासून दूर. शत्रूचा मारा सुरू होण्याची शक्यता दिसताच उतरावे, कारण पाठीवर बसून लढता येत नाही. उतरल्यावर रणगाड्याला अगदी चिकटून मागे चालू नये. आतल्या चालकाला मागचे दिसत नाही आणि तो केव्हाही मागे येऊ शकतो. मोकळ्या मैदानात रणगाडा पुढे, पायदळ मागे. गावात, दाट झाडीत आणि अंधारात पायदळ पुढे, रणगाडा मागे. दोघांत बोलण्याची सोय हवी. म्हणूनच काही रणगाड्यांच्या पाठीवर टेलिफोनची पेटी बसवली गेली, की चालणाऱ्याने ती उघडावी आणि आतल्याला सांगावे, डावीकडच्या घरात मशीनगन आहे.

बंद चिलखती गाडीत बसायचे तर उतरण्याची जागा हा सर्वांत मोठा प्रश्न. फार लांब उतरवले तर माणसे उघड्यावर चालताना मरतात. फार जवळ नेले तर एकाच गोळ्यात गाडीसह सगळे जळतात. जमीन कशी आहे, शत्रूकडे रणगाडाविरोधी हत्यार कोणते आहे आणि त्याचा टप्पा किती आहे, हे पाहून ही जागा ठरते. ती आधी ठरवावी लागते, आणि ठरवताना उतरणाऱ्यांच्या नायकाचा शब्द त्यात असावा लागतो. लष्करी शिक्षणात चढण्याची कवायत थोडी आणि उतरण्याची कवायत फार असते. चढणे सुरक्षित जागी होते. माणूस मरतो तो उतरताना.

५

आता आपल्याकडे वळू. १९४१मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार मंडळावर होते. त्यांच्या आग्रहामुळे आणि युद्धाच्या निकडीमुळे त्या वर्षी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पण खरी परीक्षा युद्ध संपल्यावर होती. १९२१प्रमाणे पुन्हा पाण्यात उतरवणार की काय? तसे झाले नाही. १९४६मध्ये रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट करण्यात आले, आणि बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगना आल्या.

माझे आजोबा त्या काळात या रेजिमेंटमध्ये होते. व्हिकर्स ही पाण्याने थंड ठेवावी लागणारी जड मशीनगन. तिची नुसती तिपाईच सुमारे २३ किलोची. आजोबा तिपाई वाहत. मशीनगनच्या तुकड्या एकत्र लढत नसत. गरज असेल त्या ब्रिगेडला, त्या पलटणीला त्या जोडल्या जात. आजोबा म्हणत, “बंदूक आमची, मोर्चा त्यांचा.” मोर्चा राहिला की नाव ज्याचा मोर्चा त्याचे होई. १९४७मध्ये पंजाबात निर्वासितांच्या रक्षणासाठी महारांच्या तिन्ही पलटणी होत्या, पुढे काश्मीरच्या लढाईतही त्यांच्या मशीनगना होत्या. तरी पाठ्यपुस्तकांत त्या सहसा सापडत नाहीत, याचे एक कारण या जोडले जाण्यात आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी रेजिमेंट पुन्हा पूर्ण पायदळ झाली, तेव्हा मोर्चा तिचा झाला.

आजोबांच्या पेन्शनीतून माझ्या वडिलांची शाळा झाली आणि माझ्या कॉलेजची पहिली फी भरली गेली. घरातला पहिला पदवीधर मी. दापोलीच्या पेन्शनरांविषयी वर जे लिहिले ते मला केवळ कागदपत्रांतून कळलेले नाही.

६

पायदळ आणि चिलखत यांची फारकत स्वतंत्र भारताच्या सैन्याने १९६५मध्ये अनुभवली. सप्टेंबरमध्ये सियालकोट आघाडीवर पहिली आर्मर्ड डिव्हिजन आत शिरली. तिच्या रणगाड्यांबरोबर जायची जबाबदारी ४३व्या लॉरीवाहित पायदळ ब्रिगेडची. रणगाडे पट्ट्यांवर शेतांतून गेले. लॉऱ्या चाकांच्या. ओल्या जमिनीत आणि गर्दीच्या वाटांवर त्या रुतल्या. पायदळ वेळेवर पोचू शकले नाही.

१६ सप्टेंबरला चविंड्याच्या पिछाडीकडील जसोरान आणि बुटूर डोगरांडी ही गावे घेण्यासाठी पूना हॉर्सचे सेंच्युरियन रणगाडे आणि ८ गढवाल रायफल्सचे पायदळ गेले. गावे घेतली गेली. पण चविंड्यावर जो मुख्य हल्ला व्हायचा होता तो पुढे ढकलला गेला, आणि पुढे गेलेली ही दोन्ही दळे एकाकी पडून मार खात राहिली. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर त्या दिवशी मारले गेले. त्यांना परमवीरचक्र मिळाले आणि त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तेथेच ८ गढवालचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल झिराड हेही मारले गेले. हे आडनाव आपल्या कोकणातले, अलिबागजवळच्या झिराड गावावरून बेने इस्रायलींनी घेतलेले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव ज्यांना शनवार तेली म्हणे, तो हा समाज. घोडेस्वाराचे नाव राहिले, पायदळाच्या नायकाचे मागे पडले. हेतू कोणाचा वाईट नसेलही. पण इतिहासाची सवय अशी आहे.

याच पूना हॉर्सने १९७१मध्ये उलट उदाहरण घालून दिले. १५ डिसेंबरच्या रात्री बसंतर नदीपलीकडे पायदळ आधी पोचले होते. समोर शत्रूचे रणगाडे जमत होते आणि सुरुंगांतून वाट काढण्याचे काम पुरे झाले नव्हते. पायदळाने मदत मागितली. वाट पूर्ण साफ होण्याची वाट न पाहता लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग यांच्या पूना हॉर्सने रणगाडे सुरुंगांतून पुढे घातले आणि पायदळापाशी पोचवले. दुसऱ्या दिवशी २१ वर्षांचे अरुण खेत्रपाल तेथे मारले गेले. लोखंड ज्याच्याकडे आहे त्याने लोखंड नसलेल्यासाठी धोका पत्करणे, याला सहयुद्ध म्हणतात. एरवी ते फक्त एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याने केलेले युद्ध असते.

७

१९६९च्या सुमारास काही पायदळ पलटणींना टोपास आणि स्कॉट या चिलखती गाड्या मिळू लागल्या होत्या. १९७९मध्ये यांत्रिक पायदळाची स्वतंत्र रेजिमेंट स्थापन झाली. तिचे केंद्र अहमदनगरला, म्हणजे २०२४पासूनच्या अहिल्यानगरला आहे. या रेजिमेंटचे शिल्पकार म्हणून जनरल सुंदरजी यांचे नाव घेतले जाते. १९४६मध्ये सुंदरजी अधिकारी झाले ते महार रेजिमेंटमध्ये. ज्या रेजिमेंटचे शिपाई तिपाई खांद्यावर घेऊन दुसऱ्याच्या मोर्च्यावर जात, तिच्यातला एक अधिकारी पायदळाला स्वतःची चिलखती गाडी असली पाहिजे या विचाराचा मुख्य पुरस्कर्ता व्हावा, याचा आपण कधी विचार केलेला नाही. पुढे महार रेजिमेंटची १६वी पलटणही यांत्रिक पायदळात गेली.

बीएमपी-२च्या आत तीन जण गाडीचे आणि सात जण उतरणारे. छत इतके खाली की ताठ बसता येत नाही. माणसे पाठीला पाठ लावून बसतात. एकाचा घाम दुसऱ्याच्या पाठीला लागतो. यांत्रिक पायदळात भरती कोणत्याही एका जातीची किंवा प्रांताची नसते. त्या लोखंडी पेटीत वेगळी पंगत मांडायला जागाच नाही. आज महार रेजिमेंटमध्येही अनेक समाजांचे जवान आहेत. गावाच्या पाणवठ्यावर जे शतकानुशतके झाले नाही ते येथे गरजेने झाले. अर्थात गरजेने झालेले मनाने झालेलेच असते, असे मी म्हणणार नाही.

गाडीच्या आत बसलो म्हणजे मुक्ती मिळाली, असेही नाही. तिचे बाजूचे पत्रे रायफलीची गोळी अडवतात, मोठा सुरुंग अडवत नाहीत. श्रीलंकेत १९८७नंतर भारतीय सैन्याने हा अनुभव घेतला. ८ महारचे मेजर परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी मारले गेले ते पायी शोधमोहिमेवरून परतताना. त्यांना परमवीरचक्र मिळाले. अफगाणिस्तानात आणि चेचन्यात रशियन शिपाई सुरुंगांच्या भीतीने पुन्हा गाडीच्या आतून निघून पाठीवर जाऊन बसले. १९९४च्या अखेरीस ग्रोझ्नी शहरात रशियन चिलखती तांडे पायदळ न उतरवताच गल्ल्यांत शिरले आणि जळाले. कांब्रेचा धडा ७७ वर्षांनी त्यांना पुन्हा शिकावा लागला. आणि २०२२पासूनच्या युक्रेन युद्धात आकाशातून पाहणाऱ्या ड्रोनमुळे उतरण्याची जागा मैलभर मागे सरकली आहे. चिलखत कितीही जाड केले तरी शेवटची वाट पायीच चालावी लागते. ती चालणारा पाईक अजून संपलेला नाही.

८

या इतिहासातून मी एक गोष्ट घेतो. वाहनावर चढायला मिळणे हा आपल्या लढ्याचा अर्धाच भाग होता. १८९२पासून १९४१पर्यंत आपण चढण्यासाठी झगडलो आणि ते योग्यच होते. परंतु त्या वाहनावर तुम्ही पाईक म्हणून लोंबकळता, बारगीर म्हणून बसता की शिलेदार म्हणून, हे उतरताना कळते. कोठे उतरायचे हे ठरवताना तुमचा शब्द विचारला जातो काय? उतरल्यावर मागून आधार देणारी तोफ तुमची आहे काय? आणि कामगिरी संपल्यावर तुमच्या घरी काय पोचते?

हे प्रश्न सैन्यापुरते नाहीत. निवडणुकीच्या काळात आपल्या वस्तीत येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते विचारता येतात. पक्ष कोणाचा, उमेदवारी कोणी दिली, निवडून आल्यावर आपला माणूस कोणाच्या सांगण्यावरून उतरतो? राखीव जागेवर बसलेला माणूस बारगीर राहिला तर दोष एकट्या त्याचा नसतो. घोडा कोणाचा ठेवला, हेही पाहावे लागते.

पण सैन्यापुरतेही ते आज तातडीचे आहेत. जून २०२२मध्ये अग्निपथ योजना आली. तिच्यानुसार भरती चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतील, बाकीच्यांना एकरकमी पैसे मिळतील, पेन्शन मिळणार नाही. सैन्य तरुण राहावे, पेन्शनीवरचा खर्च आटोक्यात यावा, ही तिच्यामागची कारणे सांगितली जातात, आणि ती विचारात घेण्यासारखी आहेत. परंतु दापोलीच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला दुसरा हिशेब दिसतो. या तालुक्यात पेन्शन ही केवळ म्हातारपणाची भाकरी नव्हती. गावकीपासून सुटण्याची ती पहिली वाट होती. वलंगकरांना विनंतीपत्र लिहिण्याची उसंत तिने दिली. १९१७ ते १९२१ हीदेखील चारच वर्षे होती, आणि उतरवलेल्या माणसांचे पुढे काय झाले याची नोंद कोणी ठेवली नाही.

वाळूवर धावणाऱ्या पोरांना मी धावू नका असे सांगत नाही. त्यांनी धावावे. त्यांच्या आजोबा-पणजोबांना हे मैदान अर्ज करकरून मिळवावे लागले. त्यांना शिकवणाऱ्यांनी मात्र दौडीबरोबर हेही शिकवावे, की चढण्याआधी उतरण्याची जागा विचारून घ्यायची असते. चार वर्षांनंतर हाती कोणते शिक्षण असेल, कोणता धंदा असेल, कोणाची संघटना पाठीशी असेल, याचा आराखडा भरतीच्या अर्जाबरोबरच तयार झाला पाहिजे. तालुक्यातालुक्यांत आपले निवृत्त जवान आहेत, शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत. या पोरांची नावे, त्यांची मुदत, त्यांच्या परतण्याची तारीख यांची वही आपण ठेवू शकतो. १९२१मध्ये ती कोणी ठेवली नव्हती. या वेळी ती आपल्या हातात असली पाहिजे.